लक्ष्मीधराचा गुन्हा काय?

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात 'संगीत मानापमान'मधले दोन प्रवेश बसवले होते. गाणारे दोघे धैर्यधर-भामिनी झाले आणि ज्याला सूर लागत नाही तो म्हणून लक्ष्मीधर माझ्या वाट्याला आला. दरोडेखोरांच्या नुसत्या नावाने माझी गाळण उडाली तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. मी खूश! परतताना गाडीत मागच्या सीटवरून इथेच जन्मलेल्या आमच्या कन्येने विचारले, "बाबा, पण लक्ष्मीधरने वाईट काय केलं? घाबरला, एवढंच ना? मीपण घाबरले असते."

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मानेवर बसला तो बसलाच.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. एक गरीब पण शूर सेनापती, एक धनाढ्य पण भित्रा उमेदवार आणि मध्ये श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी. खाडिलकरांनी तिसऱ्याला असा रंगवला आहे की त्याची फजिती बघताना आपल्याला अपराधी वाटत नाही. बर्नार्ड शॉने १८९४ साली 'आर्म्स अँड द मॅन'मध्ये हेच उलट्या बाजूने केले. तिथे घोडदळाचा रुबाबदार वीर हास्यास्पद ठरतो आणि काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा व्यवहारी स्विस सैनिक नायिकेला जिंकतो. शॉ दयाळू, त्याने त्या वीरालाही शेवटी घरातली मोलकरीण मिळवून दिली. नाटककाराच्या हातात असे एखादे पात्र शिल्लक असते. आयुष्यात ते नसते.

आपण राहतो त्याच देशात हे नाटक खरोखर घडले होते. २२ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकन सैन्याचा पहिला मोठा ताफा ब्रिस्बेनला लागला आणि युद्ध संपेपर्यंत जवळजवळ दहा लाख अमेरिकन सैनिक या देशातून गेले. त्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या जेमतेम सत्तर लाख! पाहुण्यांचा पगार इथल्या शिपायाच्या साधारण दुप्पट, गणवेश उत्तम शिवलेला, हातात फुले, खिशात चॉकलेट, बोलणे अदबीचे. नाचाच्या हॉलमध्ये इथल्या मुलींना 'मॅम' म्हणणारे पुरुष पहिल्यांदाच भेटत होते. (ही अदब सगळ्यांसाठी नव्हती. कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांना ब्रिस्बेन नदीच्या दक्षिण तीरावरच ठेवले जाई. आपण तेव्हा इथे असतो तर कुठल्या तीरावर असतो, हे सांगायला नकोच.)

यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. आजही ते वाचून हसू येते. पण या त्रिकोणातला तिसरा कोण? तो घाबरट नव्हता, धनाढ्यही नव्हता. तो उत्तर आफ्रिकेच्या वाळूत किंवा कोकोडाच्या चिखलात होता. जपानी विमाने त्याच्यावर पत्रके टाकत. 'तू इथे मर, तुझी बायको तिकडे अमेरिकनाच्या मिठीत आहे,' अशा अर्थाची चित्रे त्यांवर असत. घरी जो विनोद होता, तो आघाडीवर शस्त्र म्हणून वापरला गेला. २६ आणि २७ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ब्रिस्बेनच्या रस्त्यांवर दोस्त सैन्यांतच मारामारी झाली आणि एक ऑस्ट्रेलियन सैनिक मेला. कारण केवळ मुली नव्हत्या, पगार आणि कँटीनमधला मालही होता. पण तेही या दुखण्याचेच भाग.

मग दोष मुलींचा का? तेव्हाच्या समाजाने तो सरळ त्यांच्या माथी मारला. मला ते पटत नाही. वचन दिले नसेल तर वाट पाहणे हे कुणाचे कर्ज नसते. सुमारे १२,००० मुलींनी अमेरिकनांशी लग्ने केली, त्यांतल्या अनेकजणी बोटीने समुद्र ओलांडून गेल्या. त्याला धाडस लागते. पण म्हणून चिखलातल्या माणसाचे दुःख खोटे ठरत नाही. कुणाचाच गुन्हा नाही आणि तरी एकजण हरला आहे, अशा ठिकाणी हसायचे कुणाला? विनोदाला गुन्हेगार लागतो. नसला तर आपण तो तयार करतो.

हे लिहिताना मला आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली. लग्न ठरले तेव्हा आमच्या सौ.ला सांगलीकडच्या एका प्राध्यापकांचेही स्थळ आले होते. मी 'ऑस्ट्रेलियातला मुलगा', विमानतळावरची चॉकलेटे घेऊन गेलेला. म्हणजे त्या गोष्टीतला अमेरिकन मीच! प्राध्यापकांच्या हातून चहाची कपबशी कशी सांडली, हा किस्सा मी गेली कित्येक वर्षे पाहुण्यांना साभिनय सांगतो आणि दाद घेतो.

परवा लेख वाचून दाखवला तेव्हा सौ. भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "कपबशी त्यांच्या हातून नव्हती सांडली. माझ्या हातून सांडली. त्यांनी स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सगळे हसत होते ना," ती म्हणाली.