टाळ्या कोणासाठीं?

फ्रेंच कवि झां कॉक्तो (१८८९–१९६३) यानें १९३० सालीं घेतलेला ‘कवीचें रक्त’ हा तासाभराहूनहि लहान असा चित्रपट १९३२ सालीं पॅरिसमध्यें लोकांसमोर आला. त्याची गणना अतिवास्तववादी कृतींत होते. खुद्द कॉक्तोला मात्र तें नांव मान्य नव्हतें.

आरंभीं एक उंच धुराडें कोसळूं लागतें, आणि तें पुरतें जमीनदोस्त होईपर्यंतच्या क्षणांत सारें कथानक घडतें. शेवटच्या दोन प्रकरणांत शाळकरी मुलें बर्फाचे गोळे फेकून खेळतात; एक गोळा वर्मीं लागून एक मुलगा गतप्राण होतो. त्याच्या प्रेतापाशींच मेज मांडून कवि एका स्त्रीशीं पत्ते खेळतो. डाव जिंकण्यासाठीं तो मृत बालकाच्या खिशांतून बदामाचा एक्का चोरतो. परंतु बालकाचा रक्षक देवदूत येऊन एक्का परत नेतो. हरलेला कवि स्वतःवर पिस्तुल झाडून घेतो, आणि सज्ज्यांत बसलेली प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवितात.

या टाळ्यांमागें एक खरी हकीकत आहे. चित्रपटाचा खर्च देणारे व्हायकाउंट शार्ल द नोआय, त्यांची पत्नी व त्यांचे स्नेही यांनाच कॉक्तोनें प्रथम त्या सज्ज्यांत बसविलें होतें. आपण कशास दाद देत आहों हें त्यांना ठाऊक नव्हतें. पडद्यावर आत्महत्येला टाळ्या पडतांना पाहून त्यांनीं हरकत घेतली, आणि दुसरीं माणसें बसवून तो भाग पुन्हां घ्यावा लागला.

येथें अपराध कोणाचा? चित्रपटांतील कवीनें एक्का चोरला, तशा कॉक्तोनें स्नेह्यांच्या टाळ्या चोरल्या, असें म्हणतां येईल. परंतु तो आठ वर्षांचा असतां, १८९८ सालीं, त्याच्या वडिलांनीं पिस्तुलानें आत्महत्या केली होती. बालपणींच असा घाव सोसलेल्या माणसानें पडद्यावर आणलेल्या पिस्तुलाकडे निव्वळ चमत्कृति म्हणून पाहणें कठिण जातें.

आपलें रसशास्त्र सांगतें कीं, काव्यांतलें दुःख कोणा एकाचें राहत नाहीं, म्हणूनच तें आस्वाद्य होतें. हें खरें आहे, आणि म्हणून शोकान्त नाटकाला दाद देणारा प्रेक्षक निर्दय ठरत नाहीं. परंतु दुःख सर्वांचें होणें निराळें, आणि तें कोणाचेंच न उरणें निराळें. पहिल्यांत करुणा आहे, दुसऱ्यांत केवळ करमणूक. आणि दोहोंच्या टाळ्यांचा आवाज मात्र सारखाच असतो.

नोआय दांपत्याला स्वतःचे हात दिसले, म्हणून संकोच वाटला. आपण अंधारांत बसतों. आपले हात आपणांस कोणी दाखवीत नाहीं. आणि त्यांनीं सोडलेल्या जागा कांहीं रिकाम्या राहिल्या नाहींत.