मुक्या रुग्णाची सेवा



गेल्या पौर्णिमेला पनवेलच्या आमच्या विहारात वंदनेनंतर चार शब्द सांगण्याची पाळी माझी होती. विषय ठरला होता 'मैत्री'. शाळेत रोज बोलण्याची सवय असलेल्या माणसाला असा विषय अवघड वाटत नाही. पण त्या दिवसांत माझ्या घरात जे चालले होते, त्यामुळे तयार केलेले भाषण मला करवेना. त्याऐवजी जे बोललो, तेच थोडे नीट करून येथे देत आहे.

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. वय तेरा वर्षे. रस्त्यावरचे हे पिल्लू वडिलांनी उचलून आणले होते. वडील गेले, मोती राहिला. गेल्या पावसाळ्यात त्याचे पोट बिघडले. पहाटे उलटी आणि दिवसातून पाच-सहा वेळा पातळ जुलाब. म्हाताऱ्या प्राण्याला दारापर्यंतही पोहोचता येईना. बसल्या जागी घाण होई आणि तो मान खाली घालून तसाच पडून राही.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकाने सांगितले, "रात्री पोत्यात घाला आणि कर्नाळ्याच्या रस्त्याला सोडून या." दुसऱ्याने दृष्ट काढायला सांगितली आणि गळ्यात बांधायला काळा दोरा दिला. पण मनाला लागले ते विहारातील एका वयोवृद्ध उपासकाचे बोलणे. ते म्हणाले, "मास्तर, ज्या देशात कुत्र्याला तळ्यावर पाणी होतं आणि आपल्या बापजाद्यांना नव्हतं, त्या देशात तुम्ही कुत्र्याची घाण काढत बसता? बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं, ते ह्यासाठी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चवदार तळ्याचे महाड आपल्याच रायगड जिल्ह्यातले. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसाला मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याची ओंजळ उचलली. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हाही त्यांनी हेच तोंडावर सांगितले की, जेथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागवले जाते, त्या भूमीला मी आपली कशी म्हणू? ज्यांच्या पाठीवर हा इतिहास आहे, त्यांना कुत्र्याचे लाड पाहून राग आला, तर तो राग मी समजू शकतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. महाडला माणसाच्या पाण्याचा हक्क मागितला गेला. कुत्र्याचे पाणी तोडा, असे तेथे कोणी म्हणाले नाही. अस्पृश्यता माणसाने निर्माण केली, मुक्या जनावराचा तिच्यात काही हात नव्हता. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा व मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम. तेवढ्यावर थांबू नये, मैत्री तिच्याही पुढे जाते आणि सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. दीक्षाभूमीवर १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेताना आपण "कुत्रा सोडून" असे म्हटलेले नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक कठीण होता. कारण खरे सांगायचे तर मी मोतीची घाण काढतच नव्हतो! ती काढत होती माझी आई आणि माझी पत्नी. मी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या खोलीत पेपर तपासत बसे. घराण्यातला पहिला पदवीधर मी. मनात कोठेतरी पक्के बसले होते की, ह्यातून सुटण्यासाठीच तर आपण शिकलो. त्या वडीलधाऱ्यांनी मला नसत्या कामाचा दोष दिला, आणि मी तो गप्प बसून ऐकून घेतला. त्या रात्री मला झोप आली नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही तो आपल्या ग्रंथात घेतला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असता त्याच्यापाशी आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहात नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला पाठवले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून दोघांनी त्याला उचलून मंचावर निजवले. नंतर संघाला बोलावून त्यांनी सांगितले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने रुग्णाची सेवा करावी.

धम्मबंधूंनो, शाक्यांच्या घरी जन्मलेला पुरुष हाताने घाण धुतो, तेव्हा तो काय शिकवतो? घाण काढणे हे काम हलके नव्हे. हलकेपणा आहे तो हे काम एखाद्याच्या जन्माला खिळवून ठेवण्यात. बाबासाहेबांनी ढोरे ओढणे सोडायला लावले, कारण ते गावाने आमच्या जन्मावर लादलेले होते. आपल्या इच्छेने, मैत्रीने केलेली सेवा ही वेगळीच गोष्ट आहे. मी मात्र काय केले? जात उंबऱ्याबाहेर टाकली आणि घरात तीच रीत बाईच्या जन्माला चिकटवली!

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि मोतीला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "किती दिवस झाले? शौचाचा रंग कसा? रक्त, शेंब पडते काय? उलटी खाल्ल्यावर लगेच होते की रिकाम्या पोटी? पाणी पितो किती?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पत्नीने सगळी दिली. तिच्या उत्तरांवरून आणि रक्ताच्या व शौचाच्या तपासणीवरून आतड्याला जुनी सूज असल्याचे निदान झाले. जी व्यक्ती घाण काढते, रोगाचे ज्ञान तिच्यापाशी असते. हा धडा मला बी.एड.ला मिळाला नव्हता.

त्याच महावग्गात चांगल्या सेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. ते मुक्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिला गुण, औषध देता येणे. दोरा, अंगारा, उतारा यांनी जंत मरत नाहीत. घरातल्या माणसांच्या गोळ्याही देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. डॉक्टरांनी दिलेले औषध ठरल्या वेळी आणि ठरले तितके दिवस द्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नये.

दुसरा गुण, काय सोसते आणि काय सोसत नाही हे ओळखणे. आपल्याकडे कुत्रा म्हटला की दूध-पाव आणि बिस्किटे. पण मोठ्या वयाच्या कित्येक कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतड्यात टोचतात. आमच्या डॉक्टरांनी मऊ भात आणि तेल-मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली बिनहाडाची कोंबडी सांगितली, तीही थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी कधी तोडायचे नाही. तेही स्वच्छ हवे, कारण जनावर समोर असेल ते पिते. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या शेजारी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले, ते आठवते ना? कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करवला. हे होण्याला ते आहे, कारणावाचून काही नाही. रोगालाही धम्म हेच सांगतो.

तिसरा गुण, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. महावग्गातील तो भिक्खू कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून टाकला गेला. म्हातारा कुत्राही आता घर राखत नाही. पोत्यात घालण्याच्या सल्ल्यामागे हाच हिशेब असतो. आज हा हिशेब कुत्र्याला लावणारे घर उद्या म्हाताऱ्या आईबापांना लावल्याशिवाय राहील काय?

चौथा गुण, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न येणे. किळस एकदम जात नाही, हे अनुभवाने सांगतो. पहिल्या दिवशी मला स्वतःलाच उलटी आली. आठवड्याने हात आपोआप चालू लागला. जुने फडके, राख, फिनेलचे पाणी, आणि नंतर साबणाने हात धुणे एवढेच लागते. हात धुणे विसरू नये, कारण कुत्र्याच्या जंतांचा उपद्रव मुलांना होऊ शकतो. दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. लाळ गळणाऱ्या आणि गिळता न येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, त्याला लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पाचवा गुण, रुग्णाला धम्मकथेने धीर देणे. कुत्र्याला कसली धम्मकथा? मी आईला हेच विचारले. ती म्हणाली, "त्याला बोलता येत नाय, मंग आपणच बघायला नको?" मनुष्य आपले दुखणे सांगतो, येथे सेवकालाच रुग्णाची जीभ व्हावे लागते. त्याच्या हिरड्या पाहाव्या. फिकट पडल्या असतील, किंवा बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होत नसतील, तर थांबू नये. शौच डांबरासारखे काळे झाले, तर आत रक्तस्राव आहे असे समजावे. पोट फुगले आणि नुसते उमासे येऊ लागले, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. हे पाहणे म्हणजेच जागृती, आणि आमच्या घरी तीच धम्मकथा झाली.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या कोकणपट्टीत सोपाऱ्यालाही सापडले आहेत. म्हणजे जनावराचा दवाखाना हे श्रीमंतांचे खूळ नव्हे, तो आपल्या धम्माचा फार जुना वारसा आहे.

मोती आज पूर्ण बरा नाही. होणारही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. औषध आणि पथ्य यांवर त्याचे दिवस चालले आहेत. कधी चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा फडके घ्यावे लागते. जे जन्मले ते झिजणार. तथागतांनाही अखेरच्या प्रवासात रक्तातिसार झाला होता. अनित्यतेला औषध नाही, पण झिजणाऱ्याला एकटे न टाकणे आपल्या हातात आहे.

आता सकाळची पाळी माझी असते. परवा ते वडीलधारे उपासक घरी आले, तेव्हा मी मोतीची जागा धूत होतो. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पाणी ओतू का?" आणि त्यांनी तांब्या उचलला.

सर्व प्राणी सुखी होवोत. जय भीम!