सोन्याचं हरीण, रात्री साडेअकरा वाजता



आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक. तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील. एखाद्या विषयाचं मनात घोळणं सुरू झालं की त्याची ओढ लागते, ओढीतून इच्छा होते, इच्छेतून राग येतो, रागातून मोह. मग स्मृती जाते, तिच्यामागे बुद्धी, आणि शेवटी माणूस स्वतःच वाया जातो. हे दोन श्लोक मोठ्या पापांबद्दल आहेत असं मी इतकी वर्षं समजत होतो. मागच्या गुरुवारी ते माझ्या फोनमध्ये सापडले.

मी द्वारकेला राहतो. कृष्णाची नाही, नाशिकची. जिथे पुणे रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो आणि संध्याकाळी अर्धं शहर अडकून पडतं. शेअर रिक्षात बसून त्या चौकात वीस मिनिटं काढायची म्हटली की हात आपोआप फोनकडे जातो. घ्यायचं काहीच नसतं, नुसतं बघायचं असतं. शूज बघितले, इअरबड्स बघितले. ‘घोळणं’ म्हणजे दुसरं काय? मग रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, तेच शूज पुन्हा समोर येतात. ‘फक्त २ शिल्लक’. अंगठा टेकवला की झालं. पाकीट काढावं लागत नाही, नोटा मोजाव्या लागत नाहीत, दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

गुरुवारी आत्याचा सिन्नरहून फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, लेन्सला थोडे कमी पडतायत, पाच हजार देशील का, पुढच्या महिन्यात परत करते. माझ्या खात्यात अकराशे चाळीस रुपये होते. महिन्याची १२ तारीख. पगार बरा आहे, घरभाडं निम्मं मित्र देतो. मी म्हणालो, “आत्या, आज माझी यूपीआयची लिमिट संपली गं. बघतो उद्या.”

सरळ खोटं बोललो. फोन ठेवल्यावर आधी लाज वाटली नाही, चीड आली. हिला आत्ताच कसं सुचलं! मागून आठवलं की इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची माझी फी भरताना हिने बांगडी मोडली होती. श्लोकात रागानंतर स्मृती जाते म्हणतात ती ही अशी. डोकं जाग्यावर असतं, फक्त ज्याची आठवण राहायला हवी तेच तेवढं पुसलं जातं.

रविवारी सकाळी कन्नमवार पुलावरून पंचवटीत गेलो. सीतागुंफेबाहेरच्या वडांखाली बसलो. आपण नाशिककर या जागेला इतके सरावलोय की इथे काय घडलं असं मानतात ते विसरतो. जगात कुणालाही पडलेली सगळ्यात महागडी हौस इथली आहे. हरणाची.

कीर्तनात बरेचदा सगळा दोष सीतामाईवर टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. वाल्मीकींचं अरण्यकांड वाचून बघा, खुद्द रामरायालाही त्या हरणाची भुरळ पडते. धावले तेच. आणि सीतामाईंची कारणं ऐकाल तर आपलीच वाटतील. वनवास संपत आलाय, अयोध्येला नेऊ, भरत आणि सासवा बघून थक्क होतील. जिवंत नाही मिळालं तर निदान कातडं आणा, त्यावर बसता येईल. म्हणजे हौस आहे, घरच्यांचा विचार आहे आणि वर उपयोगही आहे. मी शूज घेताना हेच तर म्हणालो होतो: रोज सकाळी गोदाकाठी चालायला जाईन. (डबा अजून पलंगाखाली आहे.) आणि ते हरीण काय करतं? दिसतं, लपतं, पुन्हा थोडं पुढे दिसतं. ‘फक्त २ शिल्लक’ ही युक्ती मारीचालाही ठाऊक होती.

आपल्यात खर्चाला आवर घालायचा म्हटलं की लगेच लक्ष्मणरेषा आठवते. कार्डाची लिमिट कमी करा, अ‍ॅप उडवा. मीही केलंय. पण ती रेषा वाल्मीकींच्या मूळ कथेत नाहीच, लोकांत ती नंतर रूढ झाली. मूळ कथेत लक्ष्मणाचं काम त्याआधीचं आहे. हरीण दिसताक्षणी तो म्हणतो की हा मारीच आहे, रत्नांचं हरीण या पृथ्वीवर नसतं. कुणी ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. मला वाटतं आपल्याला रेषेपेक्षा त्या माणसाची गरज जास्त आहे. आता हजाराच्या वरचं काहीही घ्यायचं तर मी आधी ताईला फोटो पाठवतो. ती बहुतेक वेळा एवढंच लिहिते, “बरं. कशाला?” तेवढ्यावर निम्मी हरणं पळून जातात.

एक गोष्ट आपल्यासारख्यांना बोचेल, पण लिहितो. आपली हरणं पुष्कळदा भगवी असतात. माझ्याकडे तीन जपमाळा आहेत, बोटात घालायचा डिजिटल जपकाउंटर आहे, पोथी ठेवायचं सागवानी स्टँड आहे. त्या स्टँडवर आता चार्जर असतो. देवासाठी घेतलं म्हटल्यावर कुणी विचारत नाही, आपण स्वतःलाही विचारत नाही. बसायला मृगाजिनच हवं होतं, नाही का.

एकनाथ महाराजांची हिशेबाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. देवगडावर जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेब सांभाळायला दिले, एका पैची चूक निघाली आणि नाथ रात्रभर ती शोधत बसले असं सांगतात. मी रविवारी घरी येऊन वही काढली. दोन महिन्यांत तेवीस हजार कुठे गेले ते लिहायला बसलो, आठ हजारांचा तर पत्ताच लागेना. कार्डावर ‘किमान देय’ भरत आलो होतो, बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस. सावकाराला नावं ठेवायची सोय राहिली नाही. आठवलं त्या प्रत्येक खरेदीपुढे मी तेव्हा काय चाललं होतं ते लिहिलं. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला त्या रात्री इअरबड्स. मित्राच्या लग्नाचे फोटो बघितले त्या रात्री शूज. भूक लागली म्हणून काही घेतलं असं एकदाही नाही. उदास होतो म्हणून घेतलं.

तुकोबांनी खर्चाबद्दल बोलताना हाच शब्द वापरलाय, ‘उदास’. चांगल्या व्यवहाराने मिळवा आणि उदास विचाराने खर्च करा असा त्यांचा सांगावा. तिथे त्याचा अर्थ खिन्न असा नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात, १६व्या श्लोकात, भक्ताच्या लक्षणांत ‘उदासीन’ येतो, म्हणजे जरा बाजूला बसून बघणारा, त्याचाच हा भाऊ. चारशे वर्षांत आपण त्या शब्दाचं काय करून ठेवलं बघा. मी रात्री साडेअकराला एका अर्थाने उदास असायचो, हवा होता दुसरा. फोन पालथा ठेवून त्या खिन्नपणाशेजारी नुसतं बसायचं, त्याला काही खाऊ न देता, हे मला अजून नीट जमत नाही. परवा दहा मिनिटं जमलं. काल नाही जमलं, पण कार्टमध्ये टाकलेलं सकाळी काढून टाकलं.

सोमवारी शूज, न फोडलेले, ऑफिसातल्या एकाला निम्म्या किमतीत दिले. थोडे ताईकडून घेतले. आत्याला फोन केला आणि लिमिटचं खोटं होतं हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे येड्या, पैसे नव्हते तर नाही म्हणायचं ना. मी काय परकी आहे?”

ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. मी रजा टाकली आहे.