वेष कोणाचा?

दिवाळी जवळ आली की घराघरांतून दोन चर्चा सुरू होतात. भाजणी यंदा कशी साधली आहे, ही पहिली. आणि कपडे काय घ्यायचे, ही दुसरी. पहिलीचा निकाल चकलीच्या पहिल्या घाण्याला लागतो. दुसरी मात्र अलीकडे अवघड होऊन बसली आहे. दुकानात आता नुसते कापड मिळत नाही. त्याच्याबरोबर संस्कृतीही बांधून मिळते. खणाचा झगा, पैठणीच्या काठाचे जाकीट, गालभर पसरलेली नथ, यांच्यावर कोणा देशी डिझायनरचे नाव असते आणि ‘ही आपली ओळख’ असे आश्वासन असते. किंमत वाचून छातीत धस्स होते, ते सोडून देऊ. मला अडखळायला होते ते ‘आपली’ या शब्दापाशी. ‘आपली’ म्हणताना आपण कोणाकोणाला धरतो?

शाळेत वेशभूषा स्पर्धा असते. भारतमाता दरवर्षी दोन-तीन तरी येतातच. जरीची साडी, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, हातात झेंडा. इतक्या वर्षांत एकही भारतमाता नागा शाल पांघरून किंवा मिझो बायकांचे पुआन नेसून आलेली मी पाहिली नाही. मुलींचा काय दोष? चित्रात जशी पाहिली तशी त्या येतात.

बरे, साडी तरी सगळीच्या सगळी आपली आहे का? पुढे निऱ्या आणि डाव्या खांद्यावर पदर, ही जी नेसण आज देशभर ‘भारतीय’ म्हणून ओळखली जाते, तिच्या इतिहासात एक बंगाली सून आहे. सत्येंद्रनाथ टागोर, पहिले भारतीय आय. सी. एस. अधिकारी, १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात नोकरीवर आले. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी बरोबर होत्या. बंगालमधली त्या वेळची साडी घरातच ठीक. ती नेसून चारचौघांत जायची सोय नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची नेसण पाहिली, तिच्यात आपल्याला हवा तसा फेरफार केला, पोलके आणि परकर यांची जोड दिली आणि ती कलकत्त्याला नेली. पारशी बायकांच्या गाऱ्यावरचे भरतकाम तर थेट चीनमधून आलेले! खणाचेही तसेच. ओटी मराठी, चोळी मराठी. पण खण विणला जातो तो मुख्यतः कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड गावी. या खणाला हाताशी धरणाऱ्या वैशाली शडांगुळे मध्यप्रदेशातल्या विदिशाच्या, आणि २०२१ साली पॅरिसच्या ‘ओत कुतूर’ सप्ताहात आपली वस्त्रे मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री-डिझायनर ठरल्या. तेव्हा उसनवारीची लाज बाळगण्याचे कारण नाही. उसने घेतल्याशिवाय कोणाचा संसार उभा राहिला आहे?

पण उसने आणि उचललेले यांत फरक असतो, हे शेजारणीकडून वाटीभर साखर आणणारी कोणीही बाई सांगेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपण संतापलो. संताप रास्त होता. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या नावावर. पुढे कंपनीने ऋण मान्य केले. तिची माणसे कोल्हापूरला कारागिरांची गाठ घेऊन गेली.

त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या खोलीतही चहाच्या वेळी हाच विषय होता. “कोल्हापुरी म्हणजे आपली अस्मिता आहे,” एक गुरुजी टेबलावर थाप मारून म्हणाले. मी विचारले, “तुमच्या पायांतली कोणी केली?” ते म्हणाले, “दुकानातून घेतली.” विषय तिथे संपला, पण माझ्या मनात संपला नाही. ज्या समाजाने कातडे कमावणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाने त्याच्या हातच्या चपलेला अस्मिता म्हणावे! चप्पल उंबऱ्यापर्यंत आली, माणूस कुठवर आला? हा प्रश्न मिलानला विचारता येत नाही. तो इथेच विचारावा लागतो.

दागिन्यांची गोष्ट तर याहून अवघड आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी. जातीची खूण होऊन बसलेली नेसण सोडा, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे जडशीळ गोट-पाटल्या उतरवा, असा त्यांचा सांगावा होता. ज्यांच्या अंगावर तो ऐवज होता त्यांच्यासाठी ती शोभा नव्हती, शिक्का होता. आज तशाच घडणीची जाड चांदी काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलेली असते. खाली लिहिलेले असते: पारंपरिक.

म्हणून काही मी दागिने घडवणाऱ्यांना नावे ठेवणार नाही. जयपूरच्या ‘आम्रपाली’ या पेढीचेच पाहा. इतिहास शिकलेल्या दोन तरुणांनी १९७८ मध्ये ती सुरू केली, खेड्यापाड्यांतून जुने दागिने गोळा केले, आणि २०१८ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले. कोणी गोळा केली नसती तर त्यातली किती चांदी मुशीत गेली असती! रितू कुमार यांनी १९६९ च्या सुमाराला कलकत्त्याजवळच्या ठसेकाम करणाऱ्या कारागिरांबरोबर काम सुरू केले, तेव्हा त्या कलेला गिऱ्हाईक उरले नव्हते. ही कामे मोठी आहेत. माझे म्हणणे एवढेच, की काचेमागचा दागिना एक गोष्ट सांगत नाही: तो घालणारीला तो उतरवण्याची मोकळीक होती की नव्हती?

कादंबरी लिहिताना मला रोज हाच पेच पडतो. पात्राला नेसवलेले लुगडे नुसते सुंदर असून भागत नाही. ते तिने निवडले की तिच्यावर पडले, हे मला ठाऊक असावे लागते. कोल्हापुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या भानु अथैया यांचा मला आदर वाटतो तो यासाठी. १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आता गांधीजींच्या पंचाला शिवण ती काय? पण बॅरिस्टरच्या सुटापासून त्या पंचापर्यंत एक माणूस कसा येतो, हे कपड्यांतूनच दाखवायचे होते. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले, कारण अनेकांपाशी तेवढेही नव्हते. आंबेडकरांनी सूट अंगावर घेतला, कारण चांगल्या वस्त्राची त्यांच्या माणसांना मनाई होती. ज्याला सदरा घालण्याचा हक्क जन्मापासून आहे, त्याने सदरा उतरवला तर तो त्याग. ज्याला तो हक्कच नव्हता, त्याने उतरवून काय मिळवायचे?

आमच्या सातवीच्या वर्गात दोघांच्या तसबिरी शेजारी-शेजारी लावलेल्या आहेत. गेल्या पंधरा ऑगस्टला हार घालताना एका मुलाने विचारले, “बाई, या दोघांत आपल्या देशाचा वेष कोणाचा?” मी म्हटले, “दोघांचाही.” त्याचे समाधान झाले नसावे. हार हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग मी त्यालाच विचारले, “आणि तुझा?”

त्याने आपल्या आखूड झालेल्या गणवेशाकडे पाहिले आणि म्हणाला, “माझा शाळेचा आहे, बाई. दिवाळीनंतर नवा येणार आहे.”