ती काकू चुकली कुठे?

उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही झगा उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दाराशी येऊन घुटमळले. "फादर, मुलगा सव्वीस वर्षांचा झाला. हिंजवडीला चांगल्या हुद्द्यावर आहे. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कार्टून पाहत बसतो. जपानी! तुम्ही जरा बोला त्याच्याशी." 'कार्टून' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की, जणू त्या मुलाच्या उशाखाली त्यांना दुधाची बाटली सापडली होती.

आम्ही होकार दिला खरा. पण या विषयातले आमचे ज्ञान ते किती? जपान म्हटले की आम्हांस प्रथम आठवतात ते वसईचे संत गोन्सालो गार्सिया, जे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांसमवेत क्रुसावर गेले. आणि दुसरी आठवण १९९३ सालची. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची चित्रमालिका लागे. आम्ही तेव्हा रामवाडीच्या सेमिनरीत शिकत होतो आणि रविवारी एका धर्मग्रामात धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होतो. वर्गातील निम्मी बाके रिकामी का, याचे उत्तर मोगली हे होते. ती मालिका जपानात तयार झालेली होती, हे मात्र आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

मुलाशी बोलणे झाले. त्याने ऐकून घेतले आणि एकच अट घातली: "फादर, आधी माझ्याबरोबर एक चित्रपट पाहा. मग काय बोलायचे ते बोला."

आपल्याकडे हलणारे चित्र म्हणजे लेकरांचा खाऊ, अशी समजूत पक्की आहे. जपानात तसे नाही. तिथे चित्रकथा बाप वाचतो, आजीही वाचते. आणि तिच्यातून निघालेले चित्रपट मोठ्या माणसांचे प्रश्न मोठ्या माणसांपुढेच मांडतात. हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ सालच्या 'प्रिन्सेस मोनोनोके' या चित्रपटात एक बाई लोखंडाची भट्टी चालवते. कुंटणखान्यांत विकलेल्या स्त्रियांना ती सोडवून आणते, कुष्ठरुग्णांची जखम स्वतःच्या हाताने धुते; आणि तीच बाई त्या भट्टीसाठी अरण्य तोडते, अरण्यातील देवतांवर बंदुका रोखते. तिला साध्वी म्हणावे की पापिणी, हे चित्रपट सांगत नाही. सातोशी कोन यांच्या २००३ सालच्या 'टोकियो गॉडफादर्स'मध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला तीन बेघर माणसांना कचऱ्याच्या ढिगात एक तान्हे मूल सापडते. हा चित्रपट नाताळच्या दिवसांत आमच्या युवकांना दाखवण्याचे आमच्या मनात आहे. फक्त त्यातील शिव्यांचे काय करावे, एवढाच प्रश्न आहे.

'प्रौढांसाठी' या शब्दाला आईबाप दचकतात, ते अगदीच उगाच नव्हे. या शिक्क्याखाली रक्ताचा आणि देहाचा बाजारही मांडला जातो, आणि तो पाहून मन ओशाळते. पण तसला माल वस्तुतः पोरवयाचाच असतो. त्यात पाहणाऱ्यावर काहीच भार पडत नाही. भार पडतो तो दुसऱ्या जातीच्या चित्रांचा, आणि त्या रात्री आम्ही पाहिला तो त्यांपैकी होता.

त्याचे नाव मराठीत 'काजव्यांचे थडगे' असे होईल. इसाओ ताकाहाता यांनी तो १९८८ साली केला. १९४५ चा उन्हाळा, कोबे शहर. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. बाप आरमारात, आई बॉम्बहल्ल्यात भाजून मेलेली. दूरच्या नात्यातील एक काकू दोघांना घरात घेते. आधी सारे गोड असते. पुढे तांदूळ आटतो आणि काकूची जीभ तिखट होते. आईची रेशमी वस्त्रे विकून तांदूळ येतो, तोही मुलांच्या ताटात पुरता पडत नाही. कामाला जाणाऱ्यांना तळाचे दाट, या दोघांना वरचे पाणी. मुलगा मानी आहे. तो बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका खंदकात राहायला जातो. तिथे अंधारात ती दोघे काजवे धरून आणतात. सकाळी काजवे मेलेले असतात, आणि ती चिमुरडी त्यांच्यासाठी खळगा खणते. पुढचे आम्ही सांगत नाही. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात मुलगा मेलेला दाखवला आहे. तेव्हा आशेला जागा अशी दिग्दर्शकाने ठेवलेलीच नाही.

आम्ही रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि अश्रू पुसता पुसता काकूवर घसरलो. असली हृदयशून्य बाई, दोन पोरक्या जिवांना घास जड झाला, वगैरे. प्रवचनाची सवय लागलेली जीभ ती! मुलगा शांतपणे म्हणाला, "फादर, पण ती काकू चुकली कुठे?"

त्याचे म्हणणे असे. काकूने दारातून परत पाठवले नाही. तिने मुलाला सांगितले ते एवढेच की, काहीतरी काम कर, बाकीचे राबताहेत. मुलगा दिवसभर पडून असे. जाताना तिने त्याला हाकलले नाही, अडवलेही नाही. पुढे एक शेतकरी त्याला सांगतो, जा, काकूची क्षमा माग, परत जा. तो जात नाही. आईचे पैसे बँकेत होते, पण अभिमान त्याहून मोठा होता. स्वतः ताकाहाता यांनी वारंवार सांगितले की, हा निव्वळ युद्धविरोधी चित्रपट नव्हे. माणसांपासून तुटून दोघांचेच राज्य उभारू पाहणाऱ्या मुलाची ही कथा आहे.

आम्ही गप्प झालो. सेमिनरीतले एक पान आठवले. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागात कार्थेजमधील नाट्यगृहाविषयी लिहितात. खोट्या दुःखावर रडायला माणूस पैसे मोजून का जातो, असा त्यांचा प्रश्न आहे. ही कसली दया, जिच्यात प्रेक्षकाला मदतीला कोणी बोलावतच नाही, केवळ हळहळायला बोलावतात? वर्गात हे पान वाचताना आम्हांस ते थोडे कठोर वाटले होते. अॅरिस्टॉटलने शोकनाट्याची बाजू घेतली आहे, ती अधिक पटली होती. आता वाटते, ऑगस्टीनचा प्रश्न बाजूला सारता येण्याजोगा नाही. रेघांनी काढलेल्या मुलीसाठी आम्ही डोळे गाळले. तिला एक मूठ तांदूळ कुणी मागितला असता तर तो आम्ही देऊ शकलो नसतो. आमची दया सुरक्षित होती. आणि त्या सुरक्षित जागेवरून आम्ही एका बाईचा न्याय करून मोकळे झालो होतो.

हे आम्ही पूर्वीही केले होते. पडद्यासमोर नव्हे.

पंचवीस वर्षे झाली. गुरुदीक्षा होऊन फार दिवस लोटले नव्हते, आणि एका ग्रामीण धर्मग्रामात आम्ही सहायक होतो. तिथे एक बाई. नवरा गवंडी, कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर. पदरी तीन मुले. तिची बहीण वारली आणि बहिणीचे दोन मुलगे तिच्याकडे आले. शेजारणी सांगू लागल्या की, ही मावशी स्वतःच्या मुलांना गरम भाकर घालते आणि भाच्यांना शिळी. आम्ही रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिला बोलावले. चारचौघांत बोलावले, हेही सांगितले पाहिजे. लहानग्यांविषयी प्रभूने काय म्हटले आहे ते तिला ऐकवले. ती डोक्यावरचा पदर सावरीत उभी राहिली. उलट बोलली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "फादर, एकदा येता का घरी?" आम्ही पुढच्या आठवड्यात येतो म्हटले. पुढच्या आठवड्यात धर्मग्रामाचा सण होता. महिन्याभराने तिने दोन्ही भाचे बोर्डिंगात नेऊन घातले, आणि आम्हांस ते योग्यच झाले असे वाटले.

ऑगस्टीनच्या प्रेक्षकाला कोणी बोलावले नव्हते. आम्हांस बोलावले होते.

त्या मुलाने मग आम्हांस मूळ कथेविषयी सांगितले. ती अकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिली आणि तिला जपानातील मानाचे नाओकी पारितोषिक मिळाले. कथा बरीचशी त्यांच्याच आयुष्यातली. त्यांची धाकटी बहीण युद्धाच्या अखेरीस उपासमारीने गेली. कथेतला भाऊ बहिणीला घास भरवतो. नोसाका यांनी पुढे उघडपणे लिहिले की, आपण तसे नव्हतो. भूक अनावर झाली तेव्हा बहिणीच्या वाट्याचेही आपणच खाल्ले. कथेतल्या मुलाला त्यांनी आपल्याहून चांगला केला, आणि मग त्याला मरू दिले. आम्ही इतकी वर्षे पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे बसत आलो आहोत. अशा आडवळणाने येणारे निवेदन आम्हांस ओळखीचे आहे: माणूस शेजाऱ्याची गोष्ट सांगू लागतो आणि मध्येच त्याचा आवाज बदलतो.

चित्रपट करणारे ताकाहाता हेही त्या आगीतून निघालेले. २९ जून १९४५ च्या रात्री ओकायामा शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. घरच्यांपासून ताटातूट होऊन एका बहिणीसह ते जळत्या रस्त्यांतून पळत सुटले. ओकायामा! पुणेकरांना हे नाव नवे नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, २००६ साली झालेले. ओकायामातील तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केले आहे. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे तिथल्या पुलावर फोटो काढून आली आहेत. ती मूळ बागही १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली होती. ती पुन्हा उभी राहिली ती जुन्या काळच्या चित्रांवरून आणि आराखड्यांवरून. कोणीतरी पूर्वी नीट पाहून काढून ठेवले होते, म्हणून.

चित्र काढायचे तर पाहावे लागते. आणि हातांनी एकेक चौकट काढायची तर एकच गोष्ट हजारदा पाहावी लागते. छायाचित्रातल्या भुकेल्या मुलावरून आपली नजर चटकन घसरते, सवयीने, लाजेने. चितारलेल्या मुलावरून ती घसरत नाही, कारण तिथे आपण बेसावध असतो. बाह्यरेषा सहसा काळ्या काढतात, या चित्रपटात त्या तपकिरी आहेत. त्यामुळे सारे मऊ, जवळचे दिसते. आपण आत शिरतो आणि मग दार बंद झालेले असते. ही युक्ती चांगल्यासाठी वापरता येते तशी वाईटासाठीही, हे आम्ही जाणतो.

आम्ही तो चित्रपट पुन्हा एकदा पाहिला, या वेळी केवळ काकूकडे लक्ष ठेवून. ती प्रेमळ झाली नाही. तिचे बोलणे दुसऱ्यांदाही तितकेच बोचले. मुलाचे म्हणणे आम्हांस पूर्ण पटले असे नाही. चार वर्षांच्या पोरीला पाण्यावर ठेवणे ही चूकच, आणि तिला निघून जाताना न अडवणे ही त्याहून मोठी. पण आता तिच्याविषयी बोलताना आमचा आवाज चढत नाही.

राहिला प्रश्न त्या गृहस्थांचा. मुलाला काय सांगितलेत, म्हणून ते विचारायला आले. आम्ही म्हटले, "तुम्हीही एकदा त्याच्याशेजारी बसा." ते हसले, पास्काचा सण होऊ द्या, म्हणाले. सण झाला. ते अजून बसलेले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र एका रात्री स्वयंपाकघर आवरून लेकाजवळ जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी आम्हांस गाठले. रडल्याचे काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "फादर, त्या काकूच्या घरी जेवणारी तोंडे किती होती हो?"

आम्ही बोटांवर मोजले. काकू, तिची मुलगी, घरात राहणारा एक भाडेकरू, आणि ही दोन मुले. पाच.

"आणि तांदूळ?" त्यांनी विचारले.