गुरूच्या शोकसभेत आपण काय अर्पण करतो?

आपल्या शेवगाव भागात कोणी गेले की दशक्रियेला गाव जमते. प्रवचन होते, मग श्रद्धांजलीची भाषणे होतात. गेलेली व्यक्ती सार्वजनिक जीवनातली असेल तर तालुक्याच्या ठिकाणी वेगळी शोकसभाही भरते. फोटोला हार, उदबत्ती, दोन मिनिटे स्तब्धता. आपण ख्रिस्ती बांधवही अशा सभांना जातो, आणि जावेच. शेजाऱ्याच्या दुःखात उभे राहणे हा आपला धर्मच आहे.

पण गेलेला माणूस आपला गुरू असेल तर? सत्ता कशासाठी असते, समाज कसा असावा, याचा विचार करायला त्यानेच आपल्याला शिकवले असेल तर? हात जोडून आणि फुले वाहून ते ऋण फिटते काय?

अशा सभेत एक अडचण असते. ज्याच्याविषयी बोलायचे तो उत्तर द्यायला तेथे नसतो. जिवंत असताना तो आपल्याला थांबवू शकत होता, "हे तुझे चुकते" असे सांगू शकत होता. फोटो काही सांगत नाही. म्हणून त्याचे कधीच न ऐकलेलेही त्या दिवशी त्याला आपला म्हणतात. संदेष्ट्यांच्या कबरी सजवणाऱ्यांना प्रभू येशूने फार कडक शब्दांत सुनावले, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 23 व्या अध्यायात आपण वाचतो. कबर सजवणे सोपे आहे. संदेष्ट्याचे ऐकणे अवघड आहे.

मग खरी श्रद्धांजली कशी असते? नामदार गोपाळ कृष्ण गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात वारले. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. बातमी आली तेव्हा गांधीजी शांतिनिकेतनात होते. तेथे शोकसभा झाली आणि त्याच दिवशी ते पुण्याला निघाले. त्यानंतर त्यांनी जे केले ते आपण ध्यानात घेण्यासारखे आहे. वर्षभर देश पाहावा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे गोखल्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले होते. वचन घेणारा गेला होता, तरी गांधीजी त्या वचनाला बांधील राहिले.

गोखल्यांनी 1905 साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात जाण्याची त्यांची इच्छा होती. पण त्यांची मते आणि कामाची रीत काही सभासदांना पटत नव्हती. गुरूच्या नावावर हक्क सांगून ते आत शिरले नाहीत. त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. त्यामुळेच आपण त्या समाजाचे खरे सभासद झालो, अशी भावना त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. गुरूशी मतभेद असूनही निष्ठा राखता येते, हे यावरून दिसते.

आपल्या शेवगावलाही असा एक विचारवंत लाभला. गांधीविचार आणि संतविचार यांची सांगड घालणारे बाळासाहेब भारदे 1962 ते 1972 अशी दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. 2001 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 2006 साली ते गेले. अध्यक्षाचे काम काय असते? तो एरवी मत देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच देतो. विरोधकालाही बोलू देणे हे त्याचे कर्तव्य असते. अशा माणसाचे स्मरण करायचे आणि घरात, ग्रामसभेत किंवा आपल्याच धर्मग्रामाच्या बैठकीत वेगळे मत मांडणाऱ्याला खाली बसवायचे, हे जुळत नाही.

कोणी म्हणेल, शोकाच्या वेळी कसली चिकित्सा? खरे आहे. शोकसभा ही दोष मोजण्याची जागा नव्हे. पण ती देव्हारा उभारण्याचीही जागा नव्हे. अंत्यविधीच्या मिस्सात लहानसा उपदेश असावा, गुणगौरवाचे भाषण नसावे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. काहींना तो कोरडा वाटतो. पण त्यात मोठी माया आहे. आपण मृतासाठी प्रार्थना करतो, याचा अर्थच असा की तोही आपल्यासारखाच माणूस होता, त्यालाही देवाच्या दयेची गरज आहे. ज्याला आपण देव करून टाकतो त्याच्यासाठी आपण प्रार्थना करू शकत नाही, आणि त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारीही मग आपल्यावर राहत नाही. "ते थोर होते, आपल्याला कसे जमणार?" असे म्हणून आपण मोकळे होतो.

म्हणून पुढच्या वेळी अशा सभेला जाऊ तेव्हा त्या दोन मिनिटांच्या स्तब्धतेत आपण एवढेच करू या. त्याच्या आत्म्याला शांती मिळो अशी मनापासून प्रार्थना करू या. मग त्याने सांगितलेली आणि आपण टाळत आलेली एक गोष्ट आठवू या. कोणाची तरी मजुरी वेळेवर देणे असेल, मत विकायचे नाही हा निश्चय असेल, किंवा अबोला धरलेल्या भावाच्या दारात जाणे असेल. घरी परतल्यावर तेवढी एक गोष्ट करू या. तीच आपली श्रद्धांजली.