छातीतली कळ आणि मनातले भय



आजचा विषय विहारात सहसा निघत नाही. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा, अष्टांगिक मार्ग यांवर आपण पुष्कळ बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. परंतु रात्री दोनच्या सुमारास पंचविशीतला एखादा तरुण छातीवर हात ठेवून अंथरुणात उठून बसतो, शेजारी झोपलेल्यांना हाक मारावी की मारू नये या विचारात पहाट करतो, तेव्हा त्याने घेतलेल्या दीक्षेचा त्याला काय उपयोग होतो? हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. तो तरुण मीच होतो.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बाप वीटभट्टीवर राबला, मायने दुसऱ्यांच्या शेतात खुरपण केले, तेव्हा कुठे मी शाळामास्तर झालो. नोकरी लागून वर्ष झाले नव्हते. बहिणीचे शिक्षण चालू होते, घराचे कर्ज डोक्यावर होते. अशा वेळी छातीच्या डाव्या बाजूला कळ येऊ लागली. सुई टोचल्यासारखी यायची, थोडा वेळ राहायची, जायची. त्याच सुमारास ओळखीतला ऐन तिशीतला एक माणूस हृदयविकाराने एकाएकी गेला. मग काय विचारता! प्रत्येक कळेत मला माझे मरण दिसू लागले.

मी कुणाला सांगितले नाही. ज्याच्यावर सगळे घर उभे आहे त्यानेच 'मला भीती वाटते' असे कसे म्हणावे? वर्गात फळ्यावर गणित मांडताना दुसऱ्या हाताने नाडी चाचपायचो. जिना चढणे टाळू लागलो. मुलांबरोबर मैदानावर उतरणे सोडले. रात्री दाराला कडी न लावता झोपू लागलो. का, तर मला काही झाले तर लोकांना आत येता यावे! आणि अंधारात मोबाईलवर छातीच्या दुखण्याविषयी जे मिळेल ते वाचत राहायचो. जितके वाचले तितकी छाती अधिक दुखली.

शेवटी मायच्या लक्षात आले. ती म्हणाली, "लेकरा, कुणाची तरी नजर लागली तुला." तिने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. बंधूंनो, मी विहारात अंधश्रद्धेवर भाषणे देणारा माणूस. मी तिला थांबवले नाही. खाली मान घालून बसून राहिलो, आणि मोहऱ्या तडतडल्या तेव्हा मनातल्या मनात म्हणालो, याने तरी उतरेल का? हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे. कारण धम्म घरात आला म्हणजे भय आपोआप घराबाहेर जाते असे नाही. देव्हाऱ्यातले देव आपण एका दिवसात उचलू शकतो. भयाला काढायला वेळ लागतो, आणि ते ज्या दाराने बाहेर गेले त्याच दाराने देवऋषीला हात धरून परत आणते.

राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना एक प्रश्न विचारला होता. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माचे फळ आहे असे काही लोक म्हणतात, ते खरे काय? तथागतांनी उत्तरात वेदनेची कारणे मोजून दाखविली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचे एकत्र बिघडणे, ऋतूतील बदल, शरीराची नीट निगा न राखणे, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक. आठ कारणांत कर्म हे एक. सर्व दुखणी पूर्वकर्मामुळेच होतात असे म्हणणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात, असेही त्यांनी सांगितले. पित्त-कफ ही त्या काळच्या वैद्यकाची भाषा झाली. आज आपण ती निराळ्या शब्दांत बोलू. परंतु त्यातला दृष्टिकोन ध्यानात घ्या. दुखण्याला कारण असते, ते शोधायचे असते, आणि ते पाप, शाप किंवा नजर यांत शोधायचे नसते.

म्हणून पहिली गोष्ट ही की छातीत दुखले तर डॉक्टरकडे जा. ध्यान करून पाहू, चार दिवस थांबून पाहू, असे करू नका. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, थंड घाम, धाप, मळमळ, भोवळ येणे किंवा शुद्ध हरपणे, श्रम केले की दुखणे आणि थांबले की कमी होणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. तेथे वय पाहू नये. आपल्या देशात हृदयविकार कमी वयातही होतो. तंबाखू, बिडी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल तर धोका आणखी वाढतो. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका रात्री-अपरात्रीही विनामूल्य येते. भगिनींना विशेष सांगतो. बायकांमध्ये हा विकार कधी कधी नुसता दम लागणे, मळमळ, पाठदुखी किंवा विलक्षण थकवा एवढ्याच रूपाने दिसतो. घरातली बाई 'जीव घाबरतोय' म्हणाली तर 'कामाचा कंटाळा आला असेल' म्हणून तिला गप्प बसवू नका.

मीही अखेर दवाखान्यात गेलो. पहिल्या ठिकाणी माझ्याकडे धड न पाहताच 'गॅस आहे' म्हणून गोळ्या दिल्या. त्याने माझी शंका वाढली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. मग उरोस्थीच्या डाव्या कडेला, जेथे बरगडी कूर्चेने जोडलेली असते, तेथे अंगठ्याने दाबले. मी ओरडलो, "हेच, हेच दुखते!" त्यांनी विचारले, "एवढ्यात जड काही उचलले का?" शाळेची कपाटे हलवली होती आणि घरी धान्याची पोती. त्यांनी समजावून सांगितले की कूर्चेला सूज आली आहे, काही आठवड्यांत उतरेल, तरुणांच्या छातीदुखीत हे पुष्कळदा आढळते. कधी स्नायू ताणलेला असतो, तर कधी आम्लपित्त वर येऊन जळजळते. पण त्या हेही म्हणाल्या की दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय ठीकच आहे असे घरी बसून कुणी ठरवू नये. म्हणूनच त्यांनी आधी हृदय तपासले होते.

आता खरे तर गोष्ट संपायला हवी होती. ती तेथे संपली नाही, आणि मला आज जे सांगायचे आहे ते येथूनच सुरू होते.

सूज उतरली, पण भय राहिले. आलेख चांगला आला तर मला वाटे, यंत्र बिघडले असेल. मी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा आलेख काढला, मग तिसऱ्या गावी. प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटे आणि पाचव्या दिवशी कळ येई. सीवकाला दिलेले उत्तर मला पाठ होते. कारण शोधा, हे मी केले होते. सापडलेले कारण मान्य करणे मात्र मला जमत नव्हते. कालामांना तथागतांनी सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा. मी देवांच्या बाबतीत पारख केली आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर कुणीतरी लिहिलेले मात्र जसेच्या तसे मानले. पारखून जे हाती आले त्यावर पाय रोवून उभे राहणे, हीसुद्धा पारखण्याचीच पुढची पायरी आहे.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एखाद्याला एक बाण लागावा आणि लगेच दुसराही लागावा, तसे अजाण माणसाचे होते. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यामागून येणारा शोक, धास्ती, आकांत हा दुसरा. जाणत्या माणसालाही पहिला बाण लागतोच, तो दुसरा लागू देत नाही. माझ्या छातीत पहिला बाण होता कूर्चेच्या सुजेचा, आणि तो केव्हाच निघाला होता. दुसरा मी रोज रात्री स्वतःच्या हाताने मारून घेत होतो.

दुसऱ्या बाणानेही छातीत खरेच दुखते, हे समजून घ्या. भय वाटले की हृदय जोराने धडधडते, छातीचे स्नायू ताठरतात, श्वास उथळ आणि भराभर होतो. असा श्वास चालू राहिला की रक्तातला कर्बवायू कमी होतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळते. घाबरलेला माणूस हे पाहून म्हणतो, 'बघा, आले!' भय आणखी वाढते आणि चक्र पुन्हा फिरते. हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही, असा प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ आपण शिकतो. तो आपल्या बरगड्यांच्या आतही चालू असतो. म्हणून अशा माणसाला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणून हिणवू नका. तो खोटे बोलत नाही. त्याचे दुखणे खरे आहे, फक्त त्याचे कारण त्याला वाटते ते नाही.

मग हे चक्र तोडावे कसे? बोधिप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ गौतम रात्रीच्या वेळी निर्जन अरण्यात राहत असत. एखादे हरिण जवळ येई, मोर फांदी मोडी, वाऱ्याने पाला सळसळे आणि मनात भय उठे. त्यांनी पाहिले की मी येथे भयाची वाट पाहतच का बसलो आहे? आणि निश्चय केला की भय येईल तेव्हा ज्या स्थितीत असेन त्याच स्थितीत त्याला तोंड द्यायचे. चालत असता आले तर थांबायचे नाही, बसले असता आले तर उठायचे नाही, भय ओसरेपर्यंत. ही हकिगत तथागतांनी स्वतः सांगितली आहे. भय त्यांनाही वाटले होते, बंधूंनो! ते लपवावे असे त्यांना वाटले नाही.

मी वर्गात हे करून पाहिले. फळ्यावर गणित अर्धे झाले असता कळ आली. हात नाडीकडे निघाला. मी स्वतःला म्हणालो, तपासणी झालेली आहे, ही वेदना आहे आणि हे भय आहे, गणित पुरे कर. हात थरथरत होता. गणित पुरे केले. उत्तर येईपर्यंत भय निम्मे झाले होते. त्या दिवशी मी बरा झालो असे म्हणणार नाही. कित्येक महिने लागले. त्या रात्री मी दाराला कडी लावली, एवढेच.

आणखी एक केले. बापाला सांगितले. वाटले होते, म्हातारा खचेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "एवढा शिकला, अन् एवढं सांगाया दोन साल लागली?" मग तो माझ्यासोबत जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. तेथे जाण्यात लाज कसली? आपले बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झाले होते. त्यांनी आपले दुखणे डॉक्टरांना दाखविले, उपचार घेतले. नवस केला नाही आणि दुखणे आहे म्हणून लेखणीही खाली ठेवली नाही. मनाच्या दुखण्यालाही डॉक्टर असतो. २०२२ सालापासून १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय क्रमांक विनामूल्य चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटी एक विनंती. आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह आपल्या हातांनी धुतले, अंथरुणावर निजविले आणि संघाला विचारले की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? आपली कुटुंबे नव्याने धम्मात आली आहेत. जुने सोडले म्हणून काही नातेवाईक दुरावले असतील, संकटात धावून येणारे पूर्वीचे शेजारी राहिले नसतील. अशा वेळी देवऋषीचे दार जवळचे वाटते, कारण तेथे निदान कुणीतरी आपले ऐकून घेतो. ते ऐकून घेण्याचे काम आपण का करू नये? येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर शेजारी बसलेल्या तरुणाला विचारा, झोप लागते का? तो 'छातीत दुखते' म्हणाला तर उपदेश करू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. तपासणीत काही निघाले नाही तरीही त्याच्याबरोबर राहा, कारण तेव्हाच तो सर्वांत एकटा असतो.

मायविषयी सांगायचे राहिले. ती आता दृष्ट काढत नाही. मी तिला कधी रागावलो नाही. एक दिवस तिला डॉक्टरबाईंकडे नेले आणि त्यांनी माझ्या बरगडीवर अंगठा ठेवून तिला दुखण्याची जागा दाखविली. तिने स्वतःच्या बोटाने ती चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हितं व्हय!" या आणि स्वतः पाहा, असे ज्या धम्माविषयी म्हटले जाते, तो मायला त्या दिवशी बोटाने कळला.

नमो बुद्धाय! जयभीम!